पंतप्रधान कोणी निवडायचा, खासदारांनी की पक्षाच्या सभासदांनी?

२६ सप्टेंबर २०२२, सोमवार, घटस्थापना. आमच्या स्विंडनच्या घरी सकाळी बायको परडीत माती पसरून गहू पेरत होती आणि मी बाजूला उभा राहून फोनवर पाउंडचा भाव बघत होतो. रात्रीतून पाउंड १.०३ डॉलरच्या आसपास जाऊन आला होता, आजवरचा नीचांक. आधीच्या शुक्रवारी, म्हणजे २३ तारखेला पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या नव्या सरकारचं मिनी बजेट आलं होतं. ऑफिसातून दोघा-तिघांचे मेसेज आले, तुझं मॉर्गेज कधी संपतंय रे? माझ्या गृहकर्जाचा दोन वर्षांचा फिक्स, म्हणजे ठरलेल्या व्याजदराचा करार, नोव्हेंबरात संपणार होता. एक लाख ८० हजार पाउंड शिल्लक, २५ वर्षं बाकी, हप्ता ७४५ पाउंड. ऑगस्टमध्ये ब्रोकरने ३.९ टक्क्यांचं कोटेशन दिलं होतं, हप्ता ९४० च्या घरात गेला असता, आणि मी म्हटलं जरा थांबू, नवीन पीएम येऊ दे. त्या आठवड्यात त्याचा फोन आला की ते प्रॉडक्ट बँकेने काढून घेतलंय, आता मिळालं तर ५.८९ ने मिळेल. हप्ता ११४८.

आता हे सगळं एकाच माणसाच्या माथी मारणं बरोबर नाही हे मलाही कळतं. व्याजदर त्या वर्षी जगभर चढत होते, युक्रेनचं युद्ध होतं, महागाई १० टक्क्यांवर गेली होती. थांबायचा निर्णयही माझाच. माझी तक्रार कुणा व्यक्तीबद्दल नाहीच, ती पद्धतीबद्दल आहे आणि ती मला मनापासून मांडायचीय, कारण तो प्रश्न ब्रिटनमध्ये अजून सुटलेला नाही. राज्य करणारा पक्ष अर्ध्यावर नेता बदलतो तेव्हा नवा नेता म्हणजे थेट पंतप्रधान, मग तो निवडायचा हक्क कोणाचा? माझं स्पष्ट मत आहे की तो लोकांनी निवडून दिलेल्या खासदारांचा आहे, पक्षाची वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा नाही. विरोधात असताना पक्षाने आपला नेता सभासदांकडून निवडून घ्यावा, खुशाल घ्यावा. पण सत्तेत असताना नाही.

त्या वर्षीचा क्रम जरा नीट बघा. बोरिस जॉन्सन यांनी डिसेंबर २०१९ मध्ये ३६५ जागा आणल्या होत्या, ८० चं बहुमत. पुढे लॉकडाऊनमधल्या पार्ट्यांचं प्रकरण निघालं, पोलिसांनी पंतप्रधानाला दंड केला, ६ जून २०२२ ला त्यांच्याच खासदारांनी अविश्वासाचं मतदान घेतलं आणि २११ विरुद्ध १४८ ने ते वाचले. महिन्याभरात उपमुख्य प्रतोद ख्रिस पिंचर यांच्या गैरवर्तनाचं प्रकरण आलं, ५ जुलैला अर्थमंत्री ऋषी सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी राजीनामे दिले, मग दोन दिवस राजीनाम्यांची रांग लागली आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी दहा डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभं राहून जातो म्हणून सांगितलं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात महाराष्ट्रात उद्धव ठाकरेंनी राजीनामा देऊन एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले होते, त्यामुळे साताऱ्याहून बाबांचा फोन आला की ते तिकडच्याच चष्म्यातून विचारायचे. इतके लोक फुटले तर त्यांची खासदारकी जात नाही का? मी सांगायचो, बाबा, इथे कोणी पक्ष सोडलाच नाहीये, मंत्रिपद सोडलंय, आणि तेही पत्र लिहून जाहीरपणे. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप मोडला की आमदारकी-खासदारकीवर गदा येते, त्यामुळे आमदाराला आपल्याच नेत्याविरुद्ध उघड बोलायची जागाच उरत नाही, बोलायचं तर गट करूनच बाहेर पडावं लागतं. ब्रिटनमध्ये तसा कायदा नाही. हुजूर पक्षात तर तेव्हा रीतच ठरलेली, १५ टक्के खासदारांनी १९२२ कमिटीच्या, म्हणजे पक्षाच्या खासदारांच्या संघटनेच्या, अध्यक्षाला गुपचूप पत्रं दिली की नेत्यावर अविश्वासाचं मतदान घ्यावंच लागायचं. त्या वेळी हा आकडा ५४ होता. बाबांना हे फार आवडलं. मलाही आवडतं, आणि म्हणूनच मला पुढचा भाग खटकतो. कारण नेत्याला काढायचा हक्क खासदारांचा, पण नवा आणायचा शेवटचा हक्क त्यांचा नाही.

खासदारांनी मतदानाच्या फेऱ्या करायच्या आणि शेवटी दोन नावं उरवायची, मग त्या दोघांतला एक देशभरातले सभासद निवडणार, अशी ही पद्धत. २०२२ ला पाच फेऱ्या झाल्या. पाचही फेऱ्यांत सुनक पहिले होते. लिझ ट्रस पहिल्या चार फेऱ्यांत तिसऱ्या होत्या आणि शेवटच्या फेरीत पेनी मॉर्डंट यांच्यापेक्षा आठ मतं जास्त पडल्यामुळे दुसऱ्या आल्या. सुनक १३७, ट्रस ११३, मॉर्डंट १०५. म्हणजे साडेतीनशेच्या वर खासदारांपैकी ११३ जणांची, एक तृतीयांशाहूनही कमी लोकांची पसंती. नंतर सभासदांचं मतदान झालं. सभासद एक लाख ७२ हजार ४३७, ट्रस यांना ८१,३२६ मतं, सुनक यांना ६०,३९९. ५ सप्टेंबरला निकाल लागला, आमच्याकडे त्या दिवशी गौरींचं विसर्जन होतं.

साडेचार कोटींहून जास्त मतदार असलेल्या देशाचा पंतप्रधान ८१ हजार लोकांनी ठरवला हे वाक्य तेव्हा सगळीकडे फिरत होतं, पण मला नुसता आकडा खटकत नाही. खासदार तर साडेतीनशेच आहेत, आकड्याने ते अजून कमी. फरक आहे तो त्यांच्या मागे कोण उभं आहे याचा. एका खासदारामागे सत्तर-एक हजार मतदारांचा मतदारसंघ असतो. त्यात त्याला मत देणारे आले, न देणारे आले, आणि मतदान करायला बाहेरच न पडणारेही आले. दर आठवड्या-पंधरवड्याला तो आपल्या गावात सर्जरी घेतो, म्हणजे लोक येऊन घराची, व्हिसाची, भत्त्याची गाऱ्हाणी सांगतात आणि त्याला ती ऐकावी लागतात. चुकीचा नेता निवडला तर पुढच्या वेळी त्याचीच जागा जाते. सभासदाला मत द्यायला काय लागत होतं? तीन महिने जुनी मेंबरशिप. ब्रिटिश नागरिक असायची अट नाही, ब्रिटनमध्ये राहायचीसुद्धा नाही. (माझ्याकडे भारताचा पासपोर्ट आहे, पण कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून मला इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत आहे आणि मी ते देतो. त्यामुळे परक्यांनी कशाला मत द्यावं असा माझा सूर अजिबात नाही. मी इथे राहतो, इथे कर भरतो, जे येईल ते मलाही भोगायचं असतं, मुद्दा तेवढाच आहे.)

सभासद म्हणजे कोणी वाईट माणसं असं माझ्या डोक्यात नाही. आमच्या शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, पन्नास वर्षं हुजूर पक्षाच्या सभासद. निवडणुकीत दारोदार पत्रकं टाकण्यापासून चहाचे मग धुण्यापर्यंत सगळं केलेलं. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे मी कुंपणाचं सांगायला गेलो होतो तेव्हा मतपत्रिकेचं पाकीट टेबलावर चष्म्याखाली ठेवलेलं होतं, बरोबर दोन्ही उमेदवारांच्या माहितीचं पत्रक. त्यांनी ते दोन-तीनदा वाचलेलं दिसत होतं, पेन्सिलने खुणा होत्या. म्हणाल्या, मी ट्रसना देणार, त्या टॅक्स कमी करतो म्हणतायत आणि सुनक यांनी बोरिसला दगा दिला. मी विचारलं, पण पैसे कुठून येणार? त्या म्हणाल्या, ते त्यांना माहीत असेल ना, त्या मंत्री आहेत. यात मला त्यांचं काहीच चुकलेलं वाटत नाही. त्यांनी आपल्या मनाशी प्रामाणिक राहून मत दिलं. पण ट्रेझरीत गेली तीन वर्षं काय चाललंय, कोणता मंत्री कॅबिनेटमध्ये बसून काय बोलतो, दबाव आला की कोण कसं वागतं, हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. खासदारांना तो होता, ते रोज बघत होते. म्हणूनच त्यांनी चार फेऱ्या ट्रस यांना तिसरं ठेवलं होतं.

त्यात दोन महिने गेले. ७ जुलै ते ६ सप्टेंबर. लीड्सपासून वेम्बलीपर्यंत सभासदांसमोर सभा चालू होत्या, एक म्हणणार मी अमुक कर काढणार, दुसरा म्हणणार हे परीकथेतलं अर्थशास्त्र आहे, आणि इकडे २६ ऑगस्टला विजेच्या-गॅसच्या बिलाची वर्षाची मर्यादा ३,५४९ पाउंडांवर जाणार म्हणून जाहीर झालं तेव्हा देशाला निर्णय घेऊ शकणारा पंतप्रधानच नव्हता. जाणारा म्हणतोय नवा बघेल, नवा अजून ठरायचाय. आमच्या ऑफिसातली एक मुलगी तेव्हा हिवाळ्यात आईकडे राहायला जायचा विचार करत होती, दोन घरं तापवणं परवडणार नाही म्हणून. असल्या वेळी सरकारने दोन महिने गप्प बसावं ही चैन कोणालाच परवडणारी नव्हती.

आणि त्या सभांमध्ये जी वचनं दिली गेली ती कोणाला दिली हाही प्रश्न आहे. २०१९ ला लोकांनी एका जाहीरनाम्याला मत दिलं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात पावणेदोन लाख सभासदांना खूश करायला दुसराच जाहीरनामा तयार झाला. ट्रस यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांनी सभासदांना सांगितलं तेच करायला घेतलं, त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ४५ अब्ज पाउंडांची करकपात जाहीर केली, सोबत सरकारी हिशेब स्वतंत्रपणे तपासणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा अंदाज नाही, आणि पैसे कर्ज काढून. बाजाराने सरकारी रोखे विकायला काढले, पेन्शन फंडांवर पैसे भरायची वेळ आली, २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला ६५ अब्जांपर्यंत रोखे विकत घ्यायची तयारी ठेवून मध्ये पडावं लागलं. दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, ट्रस यांचं बर्मिंगहॅमच्या पक्षाच्या अधिवेशनात भाषण होतं. १४ ला क्वार्टेंग गेले. १९ ला फ्रॅकिंगवरच्या, म्हणजे जमिनीखालचे खडक फोडून गॅस काढण्यावरच्या, मतदानात सभागृहाच्या लॉबीत गोंधळ झाला, २०१९ च्या जाहीरनाम्यात फ्रॅकिंग थांबवतो म्हणून लिहिलं होतं आणि आता त्याच खासदारांना उलट मत द्यायला सांगत होते. २० तारखेला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. दोन वर्षांच्या फिक्सचा सरासरी दर २३ सप्टेंबरला ४.७४ टक्के होता तो तोवर ६.६५ झाला होता.

पुढे जे झालं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. पक्षाने नियम बदलला. उमेदवाराला किमान शंभर खासदारांचा पाठिंबा हवा, मुदत सोमवारी दुपारी दोनपर्यंत. जॉन्सन रविवारी रात्री मागे सरले, मॉर्डंट मुदत संपायच्या काही मिनिटं आधी मागे सरल्या, सुनक एकटे उरले आणि सभासदांना विचारायची वेळच आली नाही. राजीनामा ते नवा नेता, चार दिवस. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, घरी पणत्या लावत होतो आणि कुटुंबाच्या ग्रुपवर आपला माणूस पंतप्रधान झाला म्हणून फोटोंचा पाऊस. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या पंजाबी आईवडिलांचा, साउदम्प्टनमध्ये जन्मलेला मुलगा त्या दारातून आत जाणार याचं अप्रूप इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटणारच. पण त्या गडबडीत एक गोष्ट कोणी बोललं नाही. खासदारांनी जुलैतच त्यांना पहिलं ठेवलं होतं. तेव्हाच खासदारांचं ऐकलं असतं तर मधले तीन महिने या देशाला बघावेच लागले नसते.

म्हणजे घर जळायला लागलं की पक्षाला स्वतःलाच कळतं की हा निर्णय खासदारांचा आहे. २००३ मध्ये पक्षाचे तेव्हाचे नेते इयान डंकन स्मिथ यांना खासदारांनी ९० विरुद्ध ७५ ने काढलं तेव्हा मायकल हॉवर्ड बिनविरोध आले. २०१६ मध्ये ब्रेक्झिटनंतर दुसऱ्या उमेदवार अँड्रिया लेडसम मागे सरल्या आणि थेरेसा मे थेट पंतप्रधान झाल्या. ठरवून म्हणा, योगायोग म्हणा, पण घाईच्या वेळी सभासदांचं मतदान टळतं.

हा नियम आला कुठून तेही बघायला हवं. १९६५ पर्यंत हुजूर पक्षात निवडणूकच नव्हती, पाच-दहा बडे लोक आपसात बोलून ठरवायचे, १९६३ ला अ‍ॅलेक डग्लस-होम असेच आले. त्यावर टीका झाली म्हणून खासदारांचं मतदान सुरू झालं आणि त्यातून हीथ आले, थॅचर आल्या. १९९७ च्या दारुण पराभवानंतर पक्ष १६५ जागांवर आला तेव्हा नवे नेते विल्यम हेग यांनी १९९८ मध्ये सभासदांना शेवटचा शब्द दिला. म्हणजे नियम विरोधी बाकांवर बसून केला, विरोधी पक्षाच्या गरजेसाठी, गावोगावचे कार्यकर्ते टिकावेत म्हणून. ते तेव्हा रास्तही होतं. २००१ आणि २००५ ला तो वापरला तेव्हाही पक्ष विरोधातच होता. सभासदांनी थेट पंतप्रधान निवडायची पहिली वेळ आली ती २०१९ ला, आणि दुसरी २०२२ ला. २०१९ ला निभावलं कारण जॉन्सन खासदारांतही ठळकपणे पहिले होते, ३१३ पैकी १६० मतं. खासदार आणि सभासद एकाच दिशेने गेले की पद्धतीतली चीर दिसत नाही. वेगवेगळ्या दिशेने गेले की सरकार उभंच राहू शकत नाही, कारण संसदेत हात वर करायला सभासद येत नाहीत, खासदारच असतात.

मजूर पक्षाची गोष्ट वेगळी नाही. १९७६ ला हॅरॉल्ड विल्सन गेले तेव्हा खासदारांनी तीन फेऱ्यांत जेम्स कॅलहन यांना निवडलं, सरकार चालू राहिलं. पुढे हक्क सभासदांकडे गेला. जून २०१६ मध्ये पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर त्यांच्याच १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला, बाजूने फक्त ४०, आणि तीन महिन्यांत सभासदांनी त्यांना ६१.८ टक्क्यांनी परत निवडलं. पक्ष विरोधात होता म्हणून देशाचं काम अडलं नाही. तेच पंतप्रधानाच्या बाबतीत झालं असतं तर? आज मजूर पक्षात उमेदवाराला २० टक्के खासदारांच्या सह्या लागतात, ती चाळणी बरी आहे, पण शेवटचा शब्द तिथेही सभासद आणि संलग्न संघटनांच्या लोकांचाच.

यावर तीन गोष्टी मला नेहमी ऐकवल्या जातात. पहिली, खासदारांवर सोडलं तर बंद दाराआड सौदे होतील. होतील, थोडेफार होणारच, राजकारण आहे. पण फेऱ्या होतात, आकडे जाहीर होतात, आणि सौदा करणाऱ्याला परत मतदारसंघात जायचं असतं. १९९० मध्ये थॅचर यांना पहिल्या फेरीत २०४ मतं पडली, त्यांना आव्हान देणाऱ्या मायकल हेझेल्टाइन यांना १५२, नियमाने लागणाऱ्या फरकाला चार मतं कमी पडली आणि त्या गेल्या. तीन निवडणुका जिंकून देणाऱ्या नेत्याला खासदारांनी असं घालवलं म्हणून केवढा संताप झाला. पण त्यांनी आणलेल्या जॉन मेजर यांनी १९९२ ला एक कोटी ४० लाखांवर मतं मिळवली. दुसरी गोष्ट, सुनक खासदारांचेच ना, मग २०२४ ला १२१ जागांवर का आले? ते खरंय. आमच्या स्विंडनच्या दोन्ही जागाही तेव्हा गेल्या. पण मी खासदारांना निवडणूक जिंकून देणारा ज्योतिषी म्हणत नाहीये. ज्याच्या मागे सभागृहात माणसं उभी राहतील असा पंतप्रधान तेच देऊ शकतात, एवढंच माझं म्हणणं. सुनक यांनी पावणेदोन वर्षं सरकार चालवलं, आवडो न आवडो.

तिसरी गोष्ट सगळ्यात वजनदार, की पंतप्रधान बदलला तर सार्वत्रिक निवडणूकच घ्या, लोकच ठरवू देत. मला यातली भावना कळते, ऑक्टोबर २०२२ मध्ये मलाही तसंच वाटत होतं. पण दर वेळी निवडणूक सक्तीची केली तर एक उलटाच परिणाम होईल. नेता कितीही बिघडला तरी खासदार त्याला काढायला धजावणार नाहीत, कारण काढला की स्वतःची जागा पणाला. जुलै २०२२ ला ते राजीनामे पडलेच नसते. त्यापेक्षा असं करा, खासदारांनी दोन आठवड्यांत नेता निवडायचा, त्या काळात प्रत्येक मतदारसंघातल्या सभासदांनी आपल्या खासदाराला बोलावून काय सांगायचं ते तोंडावर सांगायचं, आणि नव्या पंतप्रधानाने आठवड्याभरात पूर्ण सभागृहाचं विश्वासमत घ्यायचं, आपण जुन्या जाहीरनाम्यातलं काय पाळणार आणि काय सोडणार हे तिथे उभं राहून सांगून. सोडायचं ते फारच मोठं असेल तर मग मात्र लोकांकडे जा. ट्रस यांना ६ सप्टेंबरनंतर लगेच हे करावं लागलं असतं तर मिनी बजेटमधल्या गोष्टी आधीच सभागृहात बाहेर आल्या असत्या, आणि त्यांचेच खासदार उठून बोलले असते.

माझा ५.८९ चा फिक्स नोव्हेंबर २०२४ ला संपला. त्याच आठवड्यात, २ नोव्हेंबरला, हुजूर पक्षाच्या सभासदांनी केमी बेडनॉक यांना ५३,८०६ मतांनी निवडलं, रॉबर्ट जेनरिक यांना ४१,३८८. त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता, बायकोने शेजारच्या आजींसाठी करंज्या आणि चिवड्याची पुडी दिली होती ती घेऊन गेलो. त्यांनी कोणाला मत दिलं ते सांगितलं, का दिलं तेही बराच वेळ सांगितलं, आणि मी खुर्चीत बसून शांतपणे ऐकत राहिलो. पक्ष विरोधात होता, नेता त्यांचा होता, त्यांनी निवडला. मग त्यांनी विचारलं, तुझ्या हप्त्याचं काय झालं? म्हटलं, नवा फिक्स साडेचारच्या आसपास मिळतोय, सोमवारी सही करायचीय.